बख्तावर चाचांचे तास

१

सुरुवात रोज सारखीच असते. ट्रकभोवती एक चक्कर मारायची, टायर ठोकून बघायचे, दिवे, ब्रेकची हवा, मागच्या डब्याचं तापमान तपासायचं. मग वर चढून डॅशबोर्डवरच्या टॅब्लेटला आपलं नाव आणि चार आकडे सांगायचे. चाक हललं की त्याचं घड्याळ सुरू. अकरा तास. ते संपले की स्क्रीन लाल होते, आणि त्यापुढं तुम्ही मिनिटभर जरी चालवलं तरी ते मिनिट सरकारदरबारी जमा होतं. सलग दहा तास विश्रांती घेतल्याशिवाय सुटका नाही.

कागदी वही होती तेव्हा असली कटकट नव्हती. वही बिचारी सांगू ते ऐकायची. सोळा तास चालवून दहा लिहा, पराठा खायला वीस मिनिटं थांबलात तर दोन तास झोपलो असं लिहा, तिची कधी तक्रार नसे. मी तसल्या वह्यांवर चौदा वर्षं काढली. यूबा सिटीत पीच नाहीतर अक्रोड भरायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओमाहात उतरवायचे. निर्वैर सिंग म्हणजे वेळेच्या आधी, अशी आमच्यात म्हणच पडली होती. गुरुद्वारात लंगरच्या पंगतीत म्हातारे नव्या ड्रायव्हरांना माझ्याकडे बोट करून दाखवायचे, आणि मी ऐकू न आल्यासारखं डाळ भुरकत बसायचो.

टॅब्लेट आलं तसा हा सगळा डौल उतरला. बाकीच्यांनी महिनाभर शिव्या घातल्या आणि मग मुकाट दहा-दहा तास झोपायला लागले. काहींची तर रक्तातली साखर कमी झाली. मला मात्र ते जमेना. भर दुपारी, अंगात चांगला जोर असताना वायोमिंगच्या उघड्या माळावर गाडी लावून बसायचं, आणि उशिरा निघालेली कालची पोरं शेजारून हॉर्न वाजवत पुढं जाणार, हे मला सोसत नव्हतं. कारण म्हणाल तर एवढंच. पोटापाण्याची अडचण नव्हती, बायको रागावत नव्हती. नुसती मिजास होती.

आमच्या ऑफिसात जग्गी बसतो. मालकाचा भाचा. त्याच्या दारावर 'सेफ्टी' अशी पाटी आहे. एकदा मी त्याच्यासमोर रडगाणं गायलो.

"पाजी, एवढं काय तोंड पाडताय? टीम लावा की," तो म्हणाला.

"माझ्याबरोबर कोण येणार टीममध्ये?"

"यायचं कुणाला सांगितलंय? नाव लावा. बख्तावर चाचांचं खातं अजून चालू आहे. लायसन्सलाही दोन वर्षं आहेत. तुमचे अकरा संपले की त्यांचे अकरा. ते चालवतायत आणि तुम्ही मागं बर्थवर झोपलाय. टॅब्लेटपुरतं हो."

"अरे, ते लकव्यानं पडलेत. त्यांना उठून बसायला दोन माणसं लागतात."

"मग ते थोडेच तक्रार करायला येणारेत?" जग्गी हसला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

बख्तावर चाचा माझे सख्खे चाचा नव्हेत. आमची गावं शेजारशेजारची, एवढंच नातं. पण या देशात आलो तेव्हा मला ट्रक त्यांनी शिकवला. सहा वर्षं आम्ही टीममध्ये होतो, एक चाकावर आणि एक मागच्या बर्थवर. ते चालवायचे तेव्हा रेडिओ बंद असायचा, आणि ब्रेक असा मारायचे की मागं झोपलेला माणूस कूसही बदलायचा नाही. "मागं झोपलेल्याची झोप म्हणजे आपल्याकडं ठेवायला दिलेली वस्तू," म्हणायचे. टॅब्लेट नवीन आलं तेव्हा तेही गाडी चालवत होते. चष्म्याशिवाय त्यांना आकडे दिसत नसत, म्हणून यार्डात मला हाक मारायचे, "ये रे पुत्तर, माझे चार आकडे तूच दाब." तीन महिन्यांनी त्यांची उजवी बाजू गेली. आकडे माझ्या बोटांत राहिले.

मी त्यांना विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं, असंही नाही. विचारावंसं वाटलंच नाही. नावाला कुठं थकवा येतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी इव्हान्स्टनजवळ गाडी कडेला घेऊन ते चार आकडे दाबले.

२

दर रविवारी मी चाचांना भेटायला जायचो. ही सवय त्यांच्या आजारपणापासूनची, त्यात माझा काही डाव नव्हता. मे-जून तसाच गेला. जुलैत एका रविवारी जिलेबी घेऊन गेलो तर दलीप चाचींनी दारातच धरलं.

"ये, बघ तुझ्या उस्तादाकडं. रात्री मेल्यासारखे झोपतात आणि दुपारी पहारा देतात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? जेवण झालं, दीड वाजला, की डोळे टक्क उघडे. पडा म्हटलं तर पडत नाहीत. टीव्ही लावला तर खुणेनं बंद करायला लावतात. पाच-साडेपाच वाजले की मान टाकतात, ते घामानं भिजलेले असतात. रोज नाही. मध्येच दोन-तीन दिवस असं, मग दोन दिवस बरे. डॉक्टर म्हणतो, मेंदूचं असं असतं. त्याच्या मेंदूचं काय असतं ते त्यालाच ठाऊक."

चाचा मागच्या अंगणाकडच्या काचेच्या दाराशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. पगडी चाचींनी बांधून दिलेली, निळी. गेल्या महिन्यात त्यांचा चेहरा भरलेला होता. आता गालांत खड्डे होते आणि डोळ्यांखालची कातडी लोंबत होती. ती मी लगेच ओळखली. आरशात पाहिलेली आहे. दोन रात्री न झोपता गाडी हाकली की ती येते.

मी त्यांच्या पायाशी बसलो. पाय शिवताना माझं लक्ष त्यांच्या चपलांकडे गेलं. कापडी चपला, घरात घालायच्या. डावी नव्यासारखी होती. उजव्या चपलेचा पंजाखालचा भाग झिजून आतलं पांढरं अस्तर दिसत होतं. खाली गालिच्यावरही त्याच जागी तळहाताएवढा डाग उसवलेला होता.

उजवा पाय त्यांचा दीड वर्षात हललेला नाही.

"चपला कधी घेतल्या चाची?" मी विचारलं.

"बैसाखीला. का रे?"

"काही नाही."

चाचांनी डावा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला. बोलायला त्यांना वेळ लागायचा. एकेक शब्द ओठांशी जुळवावा लागायचा.

"ग्रीन रिव्हर," ते म्हणाले. "बोगद्यात... दिवे गेलेत."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. माझा हात जिलेबीच्या पुड्यावरच राहिला. गुरुवारी दुपारी मी त्या बोगद्यातून गेलो होतो, त्यांच्या नावावर. डाव्या बाजूचे अर्धे दिवे बंद होते. मग मी डोकं चालवलं. त्या बोगद्यातून चाचा हजारदा गेलेत. तिथले दिवे वर्षातून दोनदा जातात. आजारी माणसाच्या मनात जुनं काहीतरी वर येतं, त्यात काय एवढं?

"हो चाचा, ते सरकार सुधारायचं नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुझी," ते म्हणाले, "झोप... होते ना?"

चाची आतून ओरडल्या, "त्याची कसली काळजी करताय? बैलासारखा झालाय बघा!"

खरं होतं ते. दोन महिन्यांत माझं वजन वाढलं होतं.

३

पुढच्या फेरीला मी स्वतःला तपासायचं ठरवलं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. घाटात बर्फावर ब्रेक फेल झालेली गाडी मी खाली आणली आहे, मला उगाच काही दिसत नाही.

पहाटेपासून अकरा तास माझे झाले. इव्हान्स्टनच्या पुढं विश्रांतीच्या जागेवर गाडी घेतली. घड्याळ दीडचं होतं. टॅब्लेट कुठंही गेलं तरी यूबा सिटीचीच वेळ धरून बसतं, त्यामुळं तिकडं चाचांच्या घरी दीड वाजला की इकडंही दीडच. मी बारकाईनं सगळं पाहून ठेवलं. सीट सर्वांत मागच्या खाचेत, कारण माझे पाय लांब आहेत. रेडिओ चालू, कबड्डीचं समालोचन. मागच्या बर्थवर चादर ताणून घडी घातलेली. पडदा उघडा. मग चाचांचे चार आकडे दाबले. स्क्रीननं रंग बदलला. वर नाव आलं, बख्तावर सिंग, चालवत आहे. खाली बारीक अक्षरात मी, निर्वैर सिंग, स्लीपर.

निघालो. ग्रीन रिव्हरचा बोगदा मला आठवतो. रॉक स्प्रिंग्जच्या आधी एक घरवाहू ट्रक रस्ता अडवून चालला होता, तो आठवतो. त्यानंतर माळ, कुंपणं, वारा. आणि मग लॅरमी, आपल्या लोकांचा ढाबा, तंदूरचा वास, पाच वाजून पाच मिनिटं.

मी उतरायला वळलो तर गुडघा स्टिअरिंगवर आपटला.

सीट पुढं होती. तीन खाचा पुढं आणि खाली, बुटक्या माणसानं लावावी तशी. माझे दोन्ही गुडघे चाकाच्या खाली अडकले होते. अशा अवस्थेत मी अडीचशे मैल चालवलं असतं तर पाय सुजले असते. पाय ठीक होते. रेडिओ बंद होता. पडदा ओढलेला होता.

रिकाम्या रस्त्यावर मधले तास आठवत नाहीत, हे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. हात काम करतात, डोकं गावाला जातं. त्या तंद्रीत मी सीट पुढं ओढली असेल, रेडिओला कंटाळलो असेन, ऊन येतं म्हणून पडदा ओढला असेल. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं. एकेक करून मी तिन्हींची वाट लावली आणि आरशात बघून पगडी नीट करायला लागलो.

माझ्या उजव्या गालावर उशीची घडी उमटलेली होती.

लाल, तिरपी, कानापासून हनुवटीपर्यंत. तास-दोन तास गाढ झोपलेल्याच्या गालावर असते तशी. मी तिच्यावरून बोट फिरवलं. खोलगट लागली.

त्या क्षणी मी घाबरायला हवं होतं. थोडा घाबरलोही. पण आता लपवून काय करायचं? त्याच्या आधी मला छान वाटलं. अंग मोकळं झालं होतं, डोळे ताजे होते. पंधरा तासांच्या मजलीनंतर मी ढाब्यात गेलो तो पाहुण्यासारखा. तिथल्या वाढप्यानं विचारलं, "पाजी, आत्ताच उठून आलात वाटतं?" आणि मी चार पराठे खाल्ले.

४

ऑगस्टमध्ये चाचांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं. हृदय दमलंय, असं डॉक्टर म्हणाला. आराम द्या. चाची त्याच्यावर उखडल्या होत्या.

"आराम! खुर्चीतून न उठणाऱ्या माणसाला आणखी कसला आराम देऊ, तू सांग निर्वैर! ढोर मेहनत करणाऱ्याचं हृदय आहे म्हणतो. हे कुठं मेहनत करतात? कुणी बघितलंय का?"

मी चाचींनी दिलेला चहा पीत बसलो. चाचा समोर होते. डावा हात मांडीवर होता आणि त्याची बोटं अर्धवट मिटलेली, काहीतरी गोल धरून ठेवावं तशी. त्यांचं लुगड्यासारखं विरलेलं मनगट पाहून मला कढ आला. मी चाचींना सांगायचं ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. चाची, माझ्याकडून एक चूक झाली आहे. एवढं म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं. पण चाची उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू येतोस म्हणून यांना बरं वाटतं बघ. पोटचा मुलगा असता तरी इतका आला नसता." आणि ते वाक्य राहिलं ते राहिलंच. जनाची नाही तर मनाची तरी म्हणतात. मला त्या दिवशी दोन्ही वाटत होती, आणि दोन्ही गिळून मी दुसरा कप चहा मागितला.

मात्र घरी जाताना मी शपथ घेतली. आजपासून ते नाव बंद. अकरा तास म्हणजे अकरा.

आणि ती मी पाळली. दोन आठवडे अकरा तास झाले की गाडी लावायचो, खाली उतरून फिरायचो, डबा गरम करायचो. पोरं हॉर्न देत जायची. जाऊ देत. पहिल्या आठवड्याच्या शेवटी चाचींचा फोन आला.

"अरे, झोपायला लागले! काल दुपारी एकला पडले ते चहाला उठले. राजमा मागून खाल्ला. त्या डॉक्टरच्या तोंडात साखर पडो."

दुसऱ्या रविवारी गेलो तर चाचांच्या गालांतले खड्डे थोडे भरले होते. चाचींनी चपलांचा नवा जोड आणला होता. उजवी नवीच राहिली होती. मी ती उलटी करून पाहिली, चाची स्वयंपाकघरात असताना. तळवा कोरा होता.

म्हणजे आता मला माहीत होतं. यापुढं जे लिहितो आहे ते त्यानंतरचं आहे. मला सगळं माहीत होतं.

५

सप्टेंबरचा दुसरा गुरुवार. इव्हान्स्टनच्या पुढची तीच विश्रांतीची जागा, दुपारचे एक वाजून वीस. माझे अकरा तास संपले होते. वारा जोरात होता, रिकाम्या गाड्या डुलत होत्या. मी खुर्ची काढून सावलीला बसणार एवढ्यात आमच्याच कंपनीचा लव्हली गाडी हळू करून खिडकीतून ओरडला,

"काय उस्ताद, विणायला बसलात की काय? स्वेटर झाला की सांगा, मला मोठा साइज लागतो!"

तो हसत गेला. एवढंच घडलं. मोठं कारण असतं तर मी ते नक्की लिहिलं असतं.

मी वर चढलो. टॅब्लेटपुढं बसलो. एकदाच, आजच, असं काही मी मनात म्हटल्याचं आठवत नाही. बोटांनी चार आकडे दाबले. बख्तावर सिंग, चालवत आहे. मी इंजिन सुरू केलं. आणि मग चाकावर हात ठेवायच्या ऐवजी मी उठलो, सीटच्या मधून मागं गेलो, बूट काढले आणि बर्थवर आडवा झालो. पडदा मीच ओढला.

काय होतं ते बघू, असं मी स्वतःला म्हणालो. काय होतं ते मला ठाऊक होतं.

ब्रेक सुटल्याचा फुसकारा झाला. गाडी इतकी हलकेच निघाली की माझ्या डोक्याशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी हललं नाही. गादीखालून रस्त्याचे सांधे जायला लागले, टक, टक, टक. आधी लांब-लांब, मग जवळ-जवळ. रेडिओ बंद झाला. मी पडून राहिलो. पहिला तास असा गेला, की गेला हेही कळलं नाही.

जाग आली ती वाऱ्यानं. एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा आडवा येतो आणि भरलेल्या गाडीलासुद्धा लेनमधून ढकलतो. तिथं दोन्ही हात घट्ट चाकावर लागतात. गाडी डावीकडं जात होती, सावरत होती, पुन्हा जात होती. मी कोपरावर उठलो. पडद्याला बोटभर फट होती.

निळी पगडी दिसली. चाकाच्या अगदी जवळ, पुढं ओढलेल्या सीटवर. डावा हात चाकावर वरच्या बाजूला, शिरा फुगलेल्या आणि थरथरणारा. उजवा हात मांडीत पडलेला होता. तळवा वर, बोटं निर्जीव. वाऱ्याचा धक्का आला की तो हात मांडीवरून घसरायचा आणि तसाच लोंबकळत राहायचा. उचलून घ्यायला दुसरा हात मोकळा नव्हता. मानेवरून घामाचा ओघळ सदऱ्यात उतरताना मला स्पष्ट दिसला. चेहरा दिसला नाही. आरसा होता, पण मी त्यात पाहिलं नाही.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. चाची.

"निर्वैर! कुठं आहेस रे?" त्या रडकुंडीला आल्या होत्या. "यांचं परत तेच सुरू झालंय. श्वास लागलाय, ओठ निळे पडलेत. मी ॲम्ब्युलन्सला फोन करायला लागले तर मला दटावतात. हळू बोल म्हणतात. पोरगा मागं झोपलाय, उठेल. कोण पोरगा रे? आमच्या घरात कोण झोपलंय?"

मला फक्त हाक मारायची होती. चार हातांवर चाचा होते. चाचा, गाडी बाजूला घ्या, मी उठलोय. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी गाडी घेतली असती. सहा वर्षं याच शब्दांवर आम्ही जागा बदलत आलो होतो.

"चाची," मी कुजबुजलो, "मी गाडी चालवतोय. नंतर बोलतो."

पगडी किंचित हलली, मागं ऐकावं तशी. मग पुन्हा समोर स्थिर झाली. आणि गाडी आणखी हळू, आणखी सांभाळून जायला लागली.

मी पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

६

उठलो तेव्हा गाडी लॅरमीच्या ढाब्यासमोर उभी होती. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, चाकं सरळ, ब्रेक लावलेला. सहाला दहा कमी होते. फोनवर चाचींचे नऊ कॉल होते आणि त्यानंतर त्यांच्या शेजारणीचा एक मेसेज. मला तो उघडायची गरज नव्हती. टॅब्लेटवर पाच एकवीसला चाचांचं चालवणं संपलं होतं. चाचा गेल्याची वेळ शेजारणीनं पाच वीस-पंचवीस सांगितली. ॲम्ब्युलन्स आली होती, पण उशिरा. ते शेवटपर्यंत फोन करू देत नव्हते म्हणे.

गुरुद्वारात चाचांसाठी शेवटची अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली तेव्हा चाचींनी मला घरच्यांच्या रांगेत बसवलं. लोक येऊन माझ्यापुढं हात जोडत होते. "यानं मुलासारखं केलं," चाची प्रत्येकाला सांगत होत्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं दुःखानं.

त्यानंतर मी एकच गोष्ट करायची ठरवली. चाचींना सांगायची हिंमत नव्हती, ती आजही नाही. पण त्या गुरुवारचे चार तास तरी त्यांच्या नावावर राहू द्यायचे नाहीत. मी चालवले म्हणून लिहायचे, नियम मोडला म्हणून काय व्हायचं ते होऊ दे, लायसन्स जाऊ दे. टॅब्लेटमध्ये तशी सोय आहे. टीममधले तास चुकून दुसऱ्याच्या नावावर गेले तर ते आपल्याकडं मागून घेता येतात. फक्त त्या दुसऱ्या ड्रायव्हरला आपल्या खात्यातून मंजुरी द्यावी लागते.

मी विनंती पाठवली आणि जग्गीला फोन केला.

"पाजी, डोकं फिरलंय का तुमचं?" तो म्हणाला. "कोण मंजुरी देणार? खातं मी सोमवारीच बंद केलंय. चार आकडेसुद्धा आता चालायचे नाहीत, बघा दाबून. ती विनंती तशीच लटकत राहील. आणि सरळ आलेलं कशाला वाकडं करताय? कुणी विचारलंय का?"

मी दाबून पाहिले. खरंच चालत नव्हते.

पुढच्या गुरुवारी मी गाडीवर नव्हतो. यार्डात ट्रक उभा होता आणि मी माझं सामान उतरवत होतो, कायमचं. दुपारी दीडच्या सुमारास डॅशबोर्डवर टॅब्लेट वाजलं. मला वाटलं, जग्गीनं काहीतरी पाठवलं असेल.

विनंतीचं उत्तर आलं होतं. नामंजूर. ड्रायव्हर, बख्तावर सिंग.

नामंजूर करताना टॅब्लेट कारण मागतं, त्याशिवाय पुढं जात नाही. त्या रकान्यात एकच ओळ होती. पोरगा थकला होता.

मी ती किती वेळा वाचली ते सांगता येणार नाही. चाचा गेले त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी दुपारी चारपासून मी घरी झोपलो होतो. निघताना बायकोनं आलू-पराठे दिले होते. इव्हान्स्टनला पोचलो तेव्हा मी गुणगुणत होतो. त्या दिवशी मी जराही थकलो नव्हतो.